बर्फात खेळणाऱ्या मुलांचे हातमोजे कसे निवडावेत

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात शाळेत जाणारी मुले भर हिवाळ्यातही मधल्या सुट्टीत मैदानावर खेळतात. थंडी फारच तीव्र असेल तर त्यांना वर्गात ठेवतात. एरवी बर्फ पडत असला तरी बाहेर जायचे, ही तिथली रीत आहे आणि मुलांच्या दृष्टीने ती चांगली आहे. भारतातून नव्याने तिकडे गेलेले मराठी आईवडील पहिल्या हिवाळ्याच्या तयारीत जाकीट आणि बूट यांच्यावर पुष्कळ विचार करतात. हातमोजे मात्र बहुधा मऊ आणि जाड लागले म्हणून घेतले जातात. आम्हीही तेच केले होते. त्यातच आजीने नाशिकहून विणून पाठवलेले लोकरीचे हातमोजे होते, आणि पहिल्या बर्फाच्या दिवशी लेकीने हट्टाने तेच घातले. दुपारी ती घरी आली तेव्हा हातमोजे पिळले तर पाणी निघेल इतके भिजले होते, बोटांची टोके पांढरट आणि बधिर झाली होती, आणि बाहेरचे तापमान जेमतेम उणे १ अंश होते. पुढे जानेवारीत उणे १५ अंशांतही तिचे हात त्या दिवसापेक्षा बरे राहिले. या कोड्याचे उत्तर सापडले की हातमोजे निवडणे बरेच सोपे होते, म्हणून आधी तेच समजून घेऊ.

हाताच्या बोटांत स्नायू जवळजवळ नसतात. बोटे हलवणारे बरेचसे स्नायू कोपर आणि मनगट यांच्यामधल्या भागात असतात आणि तिथून निघालेल्या दोऱ्यांसारख्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे, बोटांना ओढतात. स्नायू नाहीत म्हणजे बोटाची स्वतःची उष्णता फारशी नाही. त्याला लागणारी बहुतेक सगळी ऊब रक्तातून येते. शरीराला थंडी जाणवू लागली की ते हृदय, फुप्फुसे, मेंदू यांचे तापमान टिकवण्यासाठी हातापायांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आकसून घेते. बोटे पांढरी पडतात ती यामुळे. म्हणून ज्या मुलाचे जाकीट अपुरे आहे, मान उघडी आहे किंवा ज्याची टोपी वर्गातच राहिली आहे, त्याच्या हातात जगातले उत्तम हातमोजे घातले तरी बोटे गारच राहतील. हातमोजा उष्णता निर्माण करत नाही, आलेली उष्णता धरून ठेवतो. आणि मुळात आलीच नाही तर धरणार काय?

मुलांच्या बाबतीत यात एक भूमितीची अडचण मिसळते. बोट हा एक बारीक दंडगोल आहे असे मानले तर त्याचा व्यास निम्मा होताच प्रत्येक घन सेंटिमीटर मांसामागे उघडा पडणारा पृष्ठभाग दुप्पट होतो. लहान मुलाचे बोट मोठ्या माणसाच्या बोटापेक्षा लवकर गार होते ते प्रामुख्याने याच कारणाने. त्याच्या सगळ्या शरीराचेही तसेच आहे. वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असल्यामुळे उष्णता भरभर निघून जाते. शिवाय खेळात रमलेले मूल हात दुखू लागेपर्यंत काही सांगत नाही, आणि दुखणे थांबून बधिरपणा आला की आता बरे वाटते आहे असे समजून आणखी खेळत राहते.

आता पाण्याकडे येऊ. गोधडीत ऊब कशामुळे येते, याचे उत्तर चिंध्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवा असे आहे. स्थिर हवा उष्णता फार सावकाश पुढे सरकवते. पाणी तेच काम सुमारे २५ पट वेगाने करते. हातमोज्यातल्या तंतूंच्या मधली जागा हवेऐवजी पाण्याने भरली की तो हातमोजा ऊब राखण्याच्या ऐवजी ती बाहेर वाहून नेऊ लागतो. त्यावर आणखी एक गोष्ट घडते, जी आपल्याला माठामुळे चांगली परिचयाची आहे. माठाच्या बाहेर झिरपलेले पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते; ओल्या हातमोज्यात माठाची जागा मुलाच्या हाताने घेतलेली असते. १ ग्रॅम पाणी त्वचेवरून वाफ होऊन जाताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता नेते, आणि एवढी उष्णता ५० ग्रॅम पाण्याचे तापमान ११ अंशांहून अधिक उतरवायला पुरेशी असते. मनगटापाशी शिरलेला बर्फही फुकट वितळत नाही. प्रत्येक ग्रॅममागे ३३४ ज्यूल तो हाताकडूनच घेतो आणि वितळल्यावर पाणी होऊन मागे राहतो.

उणे १ अंशाचे कोडे इथे सुटते. शून्याच्या आसपास पडणारा बर्फ ओला आणि चिकट असतो. त्याचे गोळे छान वळतात, बर्फाचा माणूस त्याचाच उभा राहतो, आणि म्हणूनच मुले त्यात कोपरापर्यंत हात घालतात. उणे १५ अंशांचा बर्फ रव्यासारखा कोरडा आणि भुसभुशीत असतो. तो कापडाला फारसा चिकटत नाही आणि झटकला की पडून जातो. टोरांटोत जानेवारीतही दुपारचे तापमान अनेकदा शून्याच्या आगेमागे घुटमळते, त्यामुळे तिथल्या मुलांचा मुख्य शत्रू ओल आहे. विनिपेगमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान उणे १६ अंशांच्या आसपास असते आणि तिथे ऊब राखणाऱ्या थराच्या जाडीला अधिक महत्त्व येते. एकाच दुकानात टांगलेले तेच हातमोजे एका शहरात योग्य आणि दुसऱ्या शहरात अपुरे ठरू शकतात. खरेदीआधी आपल्या गावचा हिवाळा ओला आहे की कोरडा, हे तिथे चारपाच हिवाळे काढलेल्या एखाद्या शेजाऱ्याला जरूर विचारावे.

बर्फासाठीच्या चांगल्या हातमोज्यात तीन कामे तीन वेगवेगळे थर करतात. कोकणात भातलावणीच्या वेळी पाठीवर घेतले जाणारे इरले आठवून पाहावे: ते पाऊस अडवते, ऊब मात्र देत नाही. हातमोज्याचे बाहेरचे कापड, बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टर, हे असे इरले असते. वारा आणि घर्षण सोसणे हे त्याचे काम. त्याच्या आत ऊब राखणारे भरण असते आणि सगळ्यांत आत त्वचेला लागणारे मऊ अस्तर. खरोखर जलरोधक असलेल्या हातमोज्यात बाहेरचे कापड आणि भरण यांच्यामध्ये आणखी एक अतिशय पातळ पापुद्रा असतो, आणि हातमोज्याच्या किमतीत जो फरक पडतो त्यातला मोठा भाग या न दिसणाऱ्या पापुद्र्याचा असतो.

हा पापुद्रा साध्या प्लास्टिकचा का चालत नाही, हे मुंबईच्या पावसात प्लास्टिकचा रेनकोट घालून चाललेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. बाहेरून एक थेंब आत येत नाही, तरी घरी पोहोचेपर्यंत शर्ट घामाने चिंब झालेला असतो. धावणाऱ्या मुलाच्या तळहातालाही भरपूर घाम येतो, आणि तो घाम आत अडकला तर पावसाने भिजल्यासारखाच परिणाम होतो. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांना असे आढळले की टेफ्लॉन ज्या पदार्थाचे बनते तो पदार्थ झटक्यात ताणला तर त्याच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे तयार होतात. पाण्याच्या थेंबाला त्यांतून जाता येत नाही, वाफेच्या रूपातला घाम मात्र बाहेर पडू शकतो. गोर-टेक्स या नावाने हे कापड पुढे प्रसिद्ध झाले. आज त्याच तत्त्वावरचे किंवा पॉलियुरेथेनचे अनेक पापुद्रे वेगवेगळ्या नावांनी मिळतात, आणि मुलांच्या रोजच्या वापरासाठी मध्यम दर्जाचा पापुद्रा बहुतेक वेळा पुरतो. घाम बाहेर सोडण्याची त्याची क्षमता थोडी कमी असते, पण मूल दर सुट्टीनंतर हातमोजे काढतेच. दिवसभर डोंगर चढणाऱ्या माणसाला लागणारा महागडा पापुद्रा त्याला लागत नाही, असे माझे मत आहे.

चिठ्ठीवरचे शब्द मात्र नीट वाचावेत. वॉटर रिपेलंट याचा अर्थ इतकाच की कापडावर पाणी न धरणारा लेप आहे आणि थेंब काही वेळ त्यावरून घरंगळत जातील. वॉटर रेझिस्टंट म्हणजे थोड्या वेळापुरता हलका ओलावा सोसणारा. वॉटरप्रूफ हा शब्द असेल तेव्हाच जलरोधक थराची अपेक्षा धरावी, आणि तेव्हाही तो थर कोणता याचा उल्लेख शोधावा. काही चिठ्ठ्यांवर १०,००० मिलिमीटर यांसारखा आकडा असतो. कापडाच्या तुकड्यावर पाण्याचा उभा स्तंभ धरून तो किती उंच झाल्यावर पाणी पलीकडे झिरपू लागते, ते या आकड्यात सांगितलेले असते. १०,००० मिलिमीटर म्हणजे १० मीटर उंचीचा स्तंभ. नुसत्या पडणाऱ्या बर्फाला एवढी तयारी लागत नाही, पण मूल बर्फाचा गोळा मुठीत आवळते, दोन्ही हातांवर भार देऊन रांगते, घसरगुंडीच्या ओल्या पायऱ्या धरते, आणि अशा प्रत्येक वेळी पाणी दाबाने आत ढकलले जाते.

हा आकडा कापडाचा आहे, अख्ख्या हातमोज्याचा नाही, ही गोष्ट विसरली जाते. हातमोजा हा अनेक लहान तुकडे शिवून बनतो आणि सुईचा प्रत्येक टाका म्हणजे एक छिद्र. त्यामुळे चांगले उत्पादक पापुद्र्याची वेगळी पिशवीच हाताच्या आकारात चिकटवून तयार करतात आणि ती बाहेरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये बसवतात, किंवा शिवणींवर आतून पट्टी चिकटवतात. स्वस्त हातमोज्यात कापड जलरोधक असते आणि शिवणी उघड्या राहतात. मग पाणी अंगठ्याच्या बेचक्यातून आत येते, कारण तिथे शिवणी सर्वांत दाट असतात आणि ताणही तिथेच पडतो.

दुकानात हे सगळे डोळ्यांनी कळत नाही, पण घरी तपासता येते. हातमोज्यात कागदी रुमालाचा तुकडा प्रत्येक बोटाच्या टोकापर्यंत सरकवावा, आपला हात जाईल तितका आत घालावा आणि मनगटाची कड पाण्याबाहेर राहील अशा बेताने हातमोजा पाण्याने भरलेल्या भांड्यात पाच मिनिटे धरून मूठ उघडझाप करावी. नंतर कागद बाहेर काढून पाहावा. कोरडा असेल तर उत्तम. अंगठ्यापाशी ओला असेल तर शिवण गळते आहे, आणि एकसारखा दमट असेल तर बहुधा आपल्या हाताचा घाम आहे. आधी दुकानाची परत घेण्याची अट पाहून ठेवावी, कारण भिजवलेला माल काही ठिकाणी परत घेत नाहीत.

भरणाविषयी दुकानदार जे बोलतात त्यात ग्रॅमचा आकडा वारंवार येतो. ४० ग्रॅम, १०० ग्रॅम, १५० ग्रॅम हे एका चौरस मीटर भरणाचे वजन असते, संपूर्ण हातमोज्याचे नव्हे. थ्रीएम कंपनीच्या थिन्सुलेट या प्रकारात तंतू अतिशय बारीक असतात. तंतू जितके बारीक तितकी तेवढ्याच जागेत हवा अधिक ठिकाणी अडकते, म्हणून पातळ असूनही ते उबदार असते. आकड्यांची तुलना एकाच प्रकारच्या भरणात करावी, वेगवेगळ्या प्रकारांत ती फसवी ठरते. तळहाताच्या बाजूला भरण मुद्दाम कमी ठेवलेले असते, नाहीतर मुलाला काही पकडता येणार नाही. टोरांटोसारख्या ओल्या थंडीत मध्यम भरण आणि खात्रीचा जलरोधक थर ही जोडी मला सर्वांत योग्य वाटते. सतत उणे १५ च्या खाली राहणाऱ्या गावात मात्र भरण वाढवावेच लागते.

पक्ष्यांच्या पिसांचे भरण कोरड्या थंडीत अप्रतिम असते, पण ओले झाले की त्याच्या गुठळ्या होतात आणि ते वाळायला फार वेळ घेते. शाळेच्या हातमोज्यांसाठी ते नकोच. सुती अस्तर किंवा सुती हातमोजे याहून वाईट, कारण कापूस पाणी पटकन शोषतो आणि सोडत नाही. लोकरीची गोष्ट वेगळी आहे. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा पोटात सामावून घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. शिवाय त्याचा कुरळेपणा दमटपणातही बराचसा टिकतो, म्हणजे हवेच्या पोकळ्या टिकतात. माळावर पावसात मेंढरांमागे उभे राहणाऱ्या धनगराच्या घोंगडीत हाच गुण आहे. मग आजीचे हातमोजे का हरले? घोंगडी घट्ट विणलेली असते आणि तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते. सुयांवर विणलेल्या हातमोज्यात मात्र घरांमधून वारा आणि वितळलेला बर्फ सरळ आत जातो. त्यांचा दोष एवढाच की त्यांना बाहेरच्या थराचे काम दिले गेले. सैल जलरोधक हातमोज्याच्या आत पातळ लोकरी हातमोजे घातले तर ते उत्तम अस्तर ठरतात, रात्री वेगळे वाळवता येतात, आणि बाहेरचा थर पुढच्या वर्षीही चालू शकतो. आतला थर घालून बाहेरचा हातमोजा घट्ट होणार असेल तर मात्र तो घालू नये.

यानंतर आकाराचा प्रश्न येतो. पाचही बोटांना वेगळे कप्पे असलेले हातमोजे घ्यावेत की चार बोटे एकत्र आणि अंगठा वेगळा असे मिटन घ्यावेत? ऊब हाच निकष असेल तर मिटन निःसंशय सरस आहेत. बोटे एकमेकांना चिकटून राहतात, आतली हवा सगळ्यांना मिळून असते आणि बाहेर उघडा पडणारा पृष्ठभाग बराच कमी होतो. बोटांच्या कप्प्यांत भरण वाढवूनही ही बरोबरी साधत नाही, कारण बारीक दंडगोलाभोवती थर जाड करत गेले की बाहेरचा घेरही वाढत जातो आणि वाढलेल्या घेरातून उष्णता जायला पुन्हा अधिक जागा मिळते. पाचसहा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी मिटनच घ्यावेत, असे मी ठामपणे सांगेन. त्या वयात प्रत्येक बोट आपापल्या कप्प्यात घालणे हेच एक दिव्य असते, आणि दोन बोटे एका कप्प्यात अडकलेले मूल शेवटी हातमोजा फेकून उघड्या हाताने खेळते. मोठ्या मुलांना चेन ओढणे, स्केट्सच्या नाड्या आवळणे, हॉकीची काठी धरणे यासाठी बोटे मोकळी लागतात. त्यांना बोटांचे हातमोजे द्यावेत आणि कडाक्याच्या दिवसांसाठी मिटनची एक जोडी ठेवावी. तर्जनी वेगळी आणि उरलेली तीन बोटे एकत्र, असा मधला प्रकारही मिळतो.

माप घेताना तळहाताचा घेर, अंगठा सोडून, बोटांच्या मुळांजवळच्या उंचवट्यांवरून मोजावा आणि लांबी मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. वयानुसार दिलेली मापे केवळ अंदाजाची असतात. हातमोजा घातल्यावर मधल्या बोटापुढे साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर जागा चिमटीत पकडता यायला हवी. वाढते वय म्हणून दोन मापे मोठा हातमोजा घेणे आपल्याकडच्या काटकसरीला धरून असले तरी इथे ते महागात पडते, कारण मोठ्या पोकळीतली हवा स्थिर राहत नाही, मुलाला काही धरता येत नाही आणि हातमोजा निसटून पडतो. उलट घट्ट हातमोज्यात भरण चेपले जाऊन त्यातली हवा निघून जाते आणि बोटांचा रक्तपुरवठा अडतो. दुकानात मुलाला मूठ वळायला सांगावी, स्वतःच्या जाकिटाची चेन लावायला सांगावी, आणि अंगठ्याचे टोक अंगठ्याच्या कप्प्यात खरोखर पोहोचते का ते दाबून पाहावे.

मनगट हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पाणी कापडातून येण्याआधी बर्फ मनगटाच्या फटीतून येतो. लहान मुलांसाठी कोपराच्या दिशेने लांब जाणारे, जाकिटाच्या बाहीवरून चढणारे आणि वर दोरीने किंवा इलॅस्टिकने आवळता येणारे हातमोजे चांगले. मनगटापाशीही एक पट्टा असावा, म्हणजे हात झटकला तरी ते निघत नाहीत. मोठ्या मुलांना बाहीच्या आत जाणारी विणलेली आखूड कड चालते, पण जाकिटाची बाही तिच्यावर नीट बसते का ते पाहावे लागते. हातमोजे हरवू नयेत म्हणून दोन्ही बाह्यांमधून दोरी ओवण्याची जुनी पद्धत आहे. ती टाळून बाहीला लावायच्या चापा वापराव्यात, कारण खेळाच्या साधनात दोरी अडकण्याचा धोका असतो. याच कारणाने मफलरऐवजी गळ्यात घालायची बिनटोकाची पट्टी सुचवली जाते.

इथे बालवर्गातल्या बाईंचाही विचार करायला हवा. ओंटारिओत मूल ज्या वर्षी चार वर्षांचे होते त्याच वर्षी सप्टेंबरात ते शाळेत जाऊ लागते, आणि एका वर्गात पंचवीसतीस मुले असतात. इतक्या मुलांच्या हातांत कोणीही एकेक बोट घालून देऊ शकत नाही. म्हणून मुलाला स्वतः घालता येतील असेच हातमोजे घ्यावेत: तोंड रुंद, पट्टा एका हाताने ओढता येणारा, डावाउजवा ओळखू येईल अशी खूण. घालण्याचा क्रमही घरी खेळासारखा शिकवावा: आधी बर्फात घालायची विजार, मग बूट, मग टोपी आणि गळपट्टी, मग जाकीट चेन लावून, आणि सर्वांत शेवटी हातमोजे. हातमोजे आधी घातले की चेन लावता येत नाही आणि चेन उघडी ठेवून मूल बाहेर पळते.

काढतानाची एक अडचण विकत घेण्यापूर्वीच पाहून ठेवावी. दमट हात ओढून काढला की कित्येक हातमोज्यांचे अस्तर हाताबरोबर बाहेर येते, बोटांचे कप्पे आत पिळले जातात आणि ते पुन्हा नीट बसत नाहीत. अस्तर बोटांच्या टोकांशी बाहेरच्या थराला टाचलेले असेल तर असे होत नाही. दुकानात आपला हात थोडा ओला करून आत घालावा आणि झटकन काढून पाहावा. अस्तर हलले तर ती जोडी परत ठेवावी. मुलांच्या हातमोज्यांत मी हा दोष गळक्या शिवणीइतकाच मोठा मानते.

हातमोजे कितीही चांगले असले तरी दप्तरात दुसरी जोडी हवीच. सकाळच्या सुट्टीत भिजलेली जोडी जेवणाच्या सुट्टीपर्यंत वाळत नाही. दुसरी जोडी साधी असली तरी चालेल, कोरडी असणे महत्त्वाचे. घरी आल्यावर हातमोजे तोंड उघडे ठेवून, शक्य तर अस्तर बाहेर काढून, गरम हवा येणाऱ्या जाळीपासून थोड्या अंतरावर वाळवावेत. तापलेल्या रेडिएटरवर ठेवू नयेत. चिकटवलेल्या पट्ट्या सुटतात, पापुद्रा बिघडतो आणि चामड्याचा तळवा असेल तर तो कडक होतो. काही आठवड्यांनी बाहेरचे कापड पाणी पिऊ लागते, थेंब घरंगळायचे थांबतात. आतला पापुद्रा शाबूत असला तरी बाहेर ओले झालेले कापड घामाची वाट अडवते आणि हात गार पडतो. मग आईवडिलांना वाटते की हातमोजा गळतो आहे. त्यावर उपाय साधा आहे: सौम्य साबणाने धुणे, कपडे मऊ करणारे द्रावण अजिबात न वापरणे, चिठ्ठीवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर वाळवणे, आणि गरज पडल्यास पाणी न धरणारा लेप फवारून नवा करणे. पूर्वीच्या लेपांत फ्लोरिनयुक्त रसायने असत आणि ती निसर्गात लवकर नष्ट होत नाहीत, म्हणून अनेक उत्पादक आता ती टाळतात. नवे लेप तेलकट मळाला लवकर बळी पडतात, त्यामुळे धुणे अधिक वेळा करावे लागते.

हिमाचलात मनालीला किंवा काश्मिरात गुलमर्गला चार दिवस मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांना एवढा खर्च करण्याचे कारण नाही, पण तत्त्व तेच लागू पडते. मे महिन्यात रोहतांगसारख्या ठिकाणी जो बर्फ हाताला लागतो तो ओला असतो, आणि रस्त्याकडेला विकत मिळणारे विणलेले हातमोजे पाच मिनिटांत भिजतात. भाड्याने मिळणारे हातमोजे घ्यायचे असतील तर आधी आत हात घालून ते कालच्या पर्यटकाच्या हातून ओले राहिलेले नाहीत ना, ते पाहावे. घरून पातळ लोकरी किंवा पॉलिएस्टरचे अस्तर-हातमोजे न्यावेत आणि त्यांवर मापाचे जलरोधक मिटन चढवावेत.

हातमोज्यांनाही मर्यादा आहे आणि ती ओळखावी लागते. कॅनडात थंडी सांगताना वाऱ्याचा परिणाम धरून आलेला आकडा देतात. तो उणे २८ ते उणे ३९ यांच्या दरम्यान असेल तर उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते; उणे ४० ते उणे ४७ यांच्या दरम्यान हा अवधी ५ ते १० मिनिटांवर येतो, आणि त्याखाली आणखी कमी होतो. कॅनेडियन पीडियाट्रिक सोसायटी ही बालरोगतज्ज्ञांची संस्था उणे २७ अंश किंवा त्याखाली मुलांना घरातच ठेवावे असे सांगते. रासायनिक गरम पुड्यांमध्ये लोखंडाची पूड हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून तापते. त्या उघड्या त्वचेवर ठेवू नयेत, लहान मुलांच्या हातात तर मुळीच नाही, कारण बधिर त्वचेला भाजलेले कळत नाही.

मूल बोटे बधिर झाली म्हणाले, किंवा बोटांची टोके पांढरी आणि मेणासारखी दिसू लागली, तर ताबडतोब आत आणावे, ओले हातमोजे काढावेत आणि त्याचे हात आपल्या काखेत धरावेत किंवा कोमट पाण्यात ठेवावेत. पाणी ३७ ते ३९ अंशांचे, म्हणजे आपल्या कोपराला सुखद लागेल इतकेच असावे. आपल्याकडे गारठलेले हात चोळून किंवा शेकोटीवर धरून गरम करतात. बधिर बोटांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी टाळायच्या, कारण चोळल्याने गारठलेल्या त्वचेला इजा होते आणि आगीची किंवा हीटरची धग किती लागते आहे ते मुलाला समजत नाही. ऊब परतताना बोटांत मुंग्या येतात आणि दुखतेही, त्या वेळी मुलाला जवळ घेऊन बसावे. अर्ध्या तासात रंग आणि संवेदना परतल्या नाहीत, किंवा फोड आले, तर डॉक्टरांकडे न्यावे.

खरेदी शक्यतो ऑक्टोबरमध्येच उरकावी. जानेवारीत दुकाने हिवाळी माल कमी करू लागतात, मुलांची मधली मापे आधी संपतात, आणि पुढे मार्चचा ओला बर्फ यायचा असतो, ज्यात डिसेंबरची जोडी बहुधा अंगठ्यापाशी उसवलेली असते.